धनराजच्या हाती काय लागलं, असं तू विचारलंस

भुसावळ,
रविवार सकाळ

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर सांगितलंस की तुझ्या लेकीची, कोमलची, हॉकीसाठी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडाशाळेत, निवड झाली. मी तोंड भरून अभिनंदन करायच्या आतच तू म्हणालास, "पण पाठवून करू काय? आपला धनराज चार ऑलिम्पिक खेळला, शेवटी त्याच्या हाती काय लागलं?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण दोन वाक्यांत सांगून संपेल अशी ही गोष्ट नाही. शिवाय धनराजचं नाव तू असं काढलंस, तेही तू, हे मला लागलं. त्याचे फोटो 'लोकमत'मधून, 'देशदूत'मधून कापून आपण दोघं एकाच वहीत चिकटवायचो. ती वही अजून माझ्याकडे आहे. म्हणून आज पोरींची सकाळची हॉकीची प्रॅक्टिस आटोपली आणि लिहायलाच बसलो.

आधी हिशेब मांडू. तुझ्या बाजूचा पुरावा मीच देतो. धनराज पिल्ले १९८९ पासून २००४ पर्यंत भारताकडून हॉकी खेळला. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. ऑलिम्पिकमध्ये आपण बार्सिलोनाला सातवे, अटलांटाला आठवे, सिडनीला सातवे, अथेन्सला पुन्हा सातवे. विश्वचषकात १९९० ला लाहोरमध्ये दहावे, १९९४ ला सिडनीत पाचवे, १९९८ ला युट्रेख्तमध्ये नववे, २००२ ला क्वालालंपूरला दहावे. एकाही ऑलिम्पिकचं, एकाही विश्वचषकाचं पदक त्याच्या गळ्यात पडलं नाही. एवढंच बघायचं ठरवलं, तर तुझं म्हणणं खोडून काढता येत नाही.

पण दिलीप, हा माणूस निघाला कुठून, ते आठव. पुण्याची खडकी. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. घर तमिळ, वाढला मराठी मुलखात. घरात पैसा नाही, भावंडं बरीच. मोडलेल्या स्टिका दोरीने बांधायच्या, मोठ्यांनी टाकून दिलेले बॉल गोळा करायचे आणि खेळायचं. खडकीत त्या मैदानामुळे आणि लष्कराच्या वस्तीमुळे हॉकी घराघरात होती, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातले बाबू निमल तिथलेच. म्हणजे पोराच्या दारात मैदान होतं आणि त्या मैदानावरून जगाच्या स्पर्धेला गेलेला माणूस गल्लीतल्यांना ठाऊक होता. आपल्या भुसावळ-वरणगावलाही ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, रेल्वेची वसाहत आहे, मैदानं आहेत. आपण वाढलो ती माती खडकीपेक्षा फार वेगळी नव्हती. म्हणून तर तो आपल्याला आपल्यातला वाटायचा.

मोठा भाऊ रमेश आधी मुंबईला गेला, आरसीएफ या खत कंपनीच्या संघाकडून खेळायला लागला. त्याच्या मागोमाग धनराज गेला. मग महिंद्राचा संघ. तिथून भारतीय संघ, पुढे इंडियन एअरलाइन्सची नोकरी. लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, जर्मनीत, फ्रान्समध्ये, मलेशियात, ढाक्यात क्लब हॉकी खेळला. खेलरत्न मिळालं, पद्मश्री मिळाली. हाती काय लागलं म्हणतोस, तर मैदानाची निगा राखणाऱ्याच्या घरात सुबत्ता आली आणि तीही त्याच स्टिकच्या जोरावर. आपल्यासारख्यांच्या घरात ही गोष्ट लहान धरत नाहीत.

तरी माझं खरं उत्तर ते नाही.

मी त्याला प्रत्यक्ष बघितलं ते मुंबईत, चर्चगेटजवळच्या हॉकी स्टेडियमवर. रेल्वेच्या पासवर रात्रीच्या गाडीने गेलो होतो. तू तेव्हा धुळ्याला नव्या नोकरीत अडकला होतास. मी जाळीला चिकटून उभा होतो. उजव्या बाजूने पास आला. धनराज बॉलकडे पळत आला नाही, बॉलच्या पुढे पळत गेला आणि पळता पळता स्टिक मागे टाकून बॉल सोबत घेतला, जसा काही तो त्याचाच होता. समोर फुलबॅक. धनराजचा डावा खांदा खाली गेला, फुलबॅकचं सगळं वजन त्या बाजूला गेलं, आणि बॉल तोवर रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी वळवून, उजवीकडे निघून गेलेला. फुलबॅकची स्टिक टर्फवर, त्या कृत्रिम गवतावर, आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. केस उडताहेत, गुडघे वाकलेले, नजर गोलकडे. डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरताना त्याने एकदासुद्धा बॉलकडे बघितलं नाही. गोल झाला की नाही हे आठवत नाही. तो वेग आठवतो.

तो खेळ दूरदर्शनवर बघून देशभरातल्या किती पोरांनी स्टिक हातात घेतली असेल! १९८० ला मॉस्को ऑलिम्पिकमध्ये आपण सुवर्णपदक घेतलं आणि पुढचं पदक आलं ते टोकियोत, ५ ऑगस्ट २०२१ ला. जर्मनीविरुद्ध १-३ ने मागे पडून ५-४ ने जिंकलो तो सामना. मधे ४१ वर्षं. या ४१ वर्षांत हॉकी खेळणाऱ्या पोराने कुणाकडे बघायचं? सगळा देश क्रिकेटकडे वळलेला, टीव्हीवर क्रिकेट, जाहिरातीत क्रिकेट, गल्लीत क्रिकेट. त्या कोरड्या काळात पंधरा वर्षं एक माणूस असा होता की ज्याचं नाव हॉकी न बघणाऱ्या माणसालाही माहीत होतं. टोकियोचं पदक ज्या मुलांनी आणलं, त्यांच्या आणि मॉस्कोच्या मधला दोर तुटू न देणाऱ्यांत धनराज सगळ्यात पुढे होता. मला हे पदकाहून कमी वाटत नाही. तुला वाटत असेल तर सांग, आपण भांडू.

आणि पदक अगदीच नाही असंही कुठे आहे? बँकॉक आठव. डिसेंबर १९९८. आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आपण शेवटचं १९६६ ला घेतलं होतं, तेही बँकॉकलाच. त्याला ३२ वर्षं झाली होती. अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया, कप्तान धनराज. वेळ संपली तरी बरोबरी सुटेना, पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला आणि गोलकीपर आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. तुमच्या घरी तेव्हा पोर्टेबल टीव्ही होता, अण्णा म्हणाले होते आवाज कमी करा, आणि शेवटच्या स्ट्रोकला सगळ्यात मोठ्याने तेच ओरडले. काकूंनी लगेच चहा टाकला होता.

त्यानंतर जे झालं ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. सुवर्ण जिंकून आलेल्या संघातले धनराज, बल्लाळ यांच्यासह कितीतरी जण पुढच्या मालिकेला नव्हते. विश्रांती दिली, असं सांगितलं गेलं. प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही जावं लागलं. धनराज खेळाडूंच्या भत्त्याबद्दल उघड बोलत होता. त्याचा स्वभाव तापट, हे सगळे म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. पण भत्त्याबद्दल तो जे बोलला ते बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. देशासाठी खेळणाऱ्याने हक्काचे पैसे मागितले, तर त्यात उर्मटपणा कुठला?

महत्त्वाचं म्हणजे तो परत आला. सिडनीत २००० साली पोलंडला हरवलं असतं तर आपण उपांत्य फेरीत जात होतो. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने १-१ केलं. तो रडला, आपणही जेवलो नव्हतो. बत्तीस वर्षांचा झाला होता. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. हा २००२ च्या कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ ला क्वालालंपूरमध्ये पाकिस्तानला ४-२ ने हरवून आपण पहिल्यांदा आशिया चषक जिंकला, तेव्हाही कप्तान तोच. पस्तिशीत. अथेन्सला शेवटी त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला. त्या निरोपाबद्दल मला आजही वाईट वाटतं. पण पंधरा वर्षांची कारकीर्द त्या शेवटच्या काही मिनिटांवरून मोजायची नसते रे.

आता कोमलचं.

मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा ती आमच्या पोरींबरोबर सकाळी मैदानावर आली होती. मी तुला तेव्हा काही बोललो नाही, कारण नात्यातल्या, ओळखीतल्या पोरीचं कौतुक पटकन तोंडातून जातं आणि मग आई-बाप त्यावर इमले बांधतात. आज सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरी पास येताना बॉलकडे बघत राहतात. बॉल स्टिकला लागला की मग मान वर करून शोधतात, कोण मोकळं आहे. कोमल बॉल निघाल्याबरोबर एकदा खांद्यावरून मागे बघून घेते. मागे कोण आहे, डावीकडे किती जागा आहे, हे तिला बॉल पोचायच्या आधी माहीत असतं. हे मी तिला शिकवलेलं नाही, तिच्या शाळेतल्या सरांनाही विचारलं, त्यांनीही नाही. दुसरं म्हणजे तिचा डावा हात. स्टिक फिरवायची ती वरच्या डाव्या हाताने, उजवा नुसता आधाराला. पोरी उजव्या हाताने स्टिक आवळून धरतात आणि मग रिव्हर्स अडतो. तिचा अडत नाही. एवढ्या वर्षांत या दोन गोष्टी एकाच पोरीत मी क्वचित बघितल्या.

आणि म्हणूनच ती आत्ता गेली पाहिजे, दोन वर्षांनी नाही. कारण सांगतो. आपल्याकडे ती मुरमाच्या मैदानावर खेळते. मुरमावर बॉल उसळतो, खड्याला लागून वळतो, म्हणून पोर आधी बॉल थांबवते, मग बघते, मग खेळते. टर्फवर पाणी मारलेलं असतं, बॉल सपाट आणि सणसणत येतो, पहिल्या स्पर्शातच तो हव्या त्या दिशेला वळवावा लागतो. कंबर खाली, गुडघे वाकलेले, सगळा खेळ जमिनीलगत. मुरमाची सवय एकदा अंगात मुरली की मोडायला फार जड जाते. आख्ख्या देशाला ती जड गेली. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि १९२८ पासून एकही ऑलिम्पिक पदकाविना न परतलेला आपला संघ सातवा आला. आपले लोक खेळ विसरले नव्हते. पायाखालची जमीन बदलली होती आणि आपल्याकडे टर्फ नव्हतं. पुण्यात, पिंपरीच्या नेहरूनगरला पॉलिग्रासचं टर्फ आहे, तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा, प्रशिक्षण सरकार करतं. आपण जे तिला देऊ शकत नाही ते तिथे आहे. मी मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पहाटे पाचला पोरींना उभं करतो, साडेसातला घरी पाठवतो. यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

वहिनींची काळजी मुलगी एकटी राहील ही आहे, ती मला समजते. त्यांना वैष्णवी फाळकेबद्दल सांग. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातली शेतकऱ्याची मुलगी, याच क्रीडा प्रबोधिनीत घडली. २०२३ मध्ये कनिष्ठ गटाचा आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होती आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. तिच्या भागातून आणखीही मुली गेल्या, खेळल्या. एक गेली की गावाला रस्ता कळतो. खान्देशातून कुणीतरी पहिली जायला हवी ना? आणि त्याही आधीचं बघायचं तर एलिझा नेल्सन पुण्याच्याच. १९८२ ला दिल्लीत आशियाई स्पर्धेत महिलांची हॉकी पहिल्यांदा घेतली आणि त्यांच्या कप्तानीखाली आपण सुवर्ण जिंकलं. महाराष्ट्रातल्या मुलींनी हे आधी करून ठेवलेलं आहे.

तू पुढचं विचारशील म्हणून लिहितो. मी तुला भारतीय संघाचं आश्वासन देत नाही. संघात मैदानावर अकरा जणी, मोठ्या स्पर्धेच्या पथकात सोळा किंवा अठरा. हरियाणा, झारखंड, ओडिशा, मिझोराम, मणिपूर, तिकडच्या पोरी अगदी लहानपणापासून स्टिक धरतात. गुडघा जाऊ शकतो, घोटा जाऊ शकतो, पेनल्टी कॉर्नरला धावून येणाऱ्यांच्या अंगावर जोरात फेकलेला बॉल बसू शकतो. कोमल राज्याच्या संघापर्यंत जाईल असं मला मनापासून वाटतं, त्यापुढे तिचं नशीब, तिचे कष्ट आणि निवड करणाऱ्यांची नजर. पण राज्यापर्यंत खेळली तरी, अटींत बसली तर, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. रेल्वेचा महिला संघ देशातल्या सर्वांत बळकट संघांपैकी आहे आणि भारतीय संघातल्या कितीतरी मुली रेल्वेच्या नोकरीत आहेत. मी स्वतः रेल्वेत आहे, त्या मुलींना मिळणारा मान मी ऑफिसात रोज बघतो. अभ्यास मात्र सुटू देऊ नकोस. प्रबोधिनीत शाळा असते, पण दिवसातून दोनदा मैदान झाल्यावर पोर पुस्तकावरच झोपते. दर आठवड्याला फोनवर गणिताचं आणि विज्ञानाचं विचारत जा. सामना किती गोलने जिंकली हे मग विचार.

आणि एक विनंती. तिला धनराजचं उदाहरण देऊन "बघ, काही मिळत नाही" असं तिच्यासमोर बोलू नकोस. तिने टोकियोचा महिलांचा सामना बघितलाय, ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवलं तो. मला तिनेच सांगितलं, गुरजीतने पेनल्टी कॉर्नरवर तो गोल मारला तेव्हा तू तिला खांद्यावर घेऊन अंगणात नाचलास. आपल्या मुली त्या वेळी चौथ्या आल्या. पदक त्याही घेऊन आल्या नाहीत. तेव्हा तू विचारलं नाहीस हाती काय लागलं म्हणून.

कागदपत्रांचं मनावर घे. जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रहिवासी दाखला, वैद्यकीय तपासणी, शाळांच्या नेहरू हॉकी स्पर्धेचं जिल्ह्याचं आणि विभागाचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स करून एका फाईलमध्ये ठेव. पत्रात दिलेली तारीख चुकवू नकोस, मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नकोस. पुण्याला सोडायला जाताना मी येतो. सुट्टीचा अर्ज आजच टाकतो. तिथल्या प्रशिक्षकांशी मलाही दोन गोष्टी बोलायच्या आहेत, विशेषतः तिच्या डाव्या हाताबद्दल.

त्याआधी एका शनिवारी तिला घेऊन इकडे ये. धुळ्याहून सकाळची एसटी धरलीस तर पारोळा, एरंडोल, जळगाव करत जेवायच्या वेळेला पोचशील. वहिनींनाही आण. आमच्याकडे भरिताची वांगी बाजारात यायला लागलीत, संध्याकाळी मळ्यात जाऊन काट्यांवर भाजू, कळण्याची भाकरी करायला आई बसलीच आहे. रविवारी पहाटे कोमलला माझ्या मोठ्या पोरींविरुद्ध खेळवायचं आहे. त्या तिला सोडणार नाहीत, अंगावर येऊन टॅकल करतील. पुण्याला जाण्याआधी ते तिला कळलेलं बरं.

अण्णांना आणि काकूंना नमस्कार. अण्णांचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझा,
सुरेश

ता. क. नवी स्टिक आत्ताच घेऊ नकोस. महागाची कार्बनची तर अजिबात नको, ती फार टणक असते, बॉल टिचून पुढे जातो आणि शिकणाऱ्या पोरीचा हात बिघडतो. आधीची कमरेच्या हाडापर्यंत येते का बघ. येत असेल तर पुण्याचे सर सांगतील तोवर तीच चालू दे, मुठीचा टेप तेवढा बदल. शिनगार्ड आणि दातांचं गार्ड मात्र चांगलं घे, त्यात पैसे वाचवू नकोस.